पोरांची सावड

"माझा वर्ग म्हणजे काय मांडवातली पातेली हायती का गं? ज्याच्या घरी कार्य निघंल त्यानं उचलून न्यायची?"

मार्चचं ऊन सकाळीच पत्र्यावर चढलं होतं आणि माझं डोकंही. समोर ऋतिका उभी. अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, गळ्यात ओळखपत्र, काखेत गुंडाळलेले तक्ते. शिकाऊ मास्तरीण. शेजारच्या दुसरी 'ब'वर ती सराव पाठ घेते. तिला माझ्या 'अ' वर्गातली हुशार पोरं हवी होती आणि तिच्याकडची कच्ची पोरं माझ्याकडं लोटायची होती.

"मॅडम, प्लीज ना. एका पिरियडचा तर प्रश्न आहे. उद्या अॅन्युअल लेसन आहे माझा. आणि मी काय फुकट मागत नाहीये, मुक्ताईताईंच्या लेसनला मी माझी मुलं देणार आहे. आमचं ऑलरेडी ठरलंय."

"ठरलंय? वर्ग माझा आन ठरवून मोकळ्या तुम्ही?"

"सगळेच करतात मॅडम."

सगळेच करतात हे खरंच. वर्षानुवर्षं ही शिकाऊ मंडळी आमच्या शाळेत येतात, आणि वार्षिक पाठाला परीक्षक आले की पोरांची अशीच सरमिसळ करतात. आमच्या धायरीत याला शब्दसुद्धा तयार आहे. मी गावातलीच, बेनकरांची लेक. माझ्या लहानपणी इथं ज्वारीची काढणी सावडीवर व्हायची. आज सगळ्यांनी मिळून तुमचं रान उरकायचं, उद्या सगळ्यांनी आमच्या रानात यायचं. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही. आता रानांवर बारा-बारा मजले उभे राहिले, ज्वारी गेली, आणि सावड तेवढी आमच्या शाळेत शिल्लक राहिली. पोरांची सावड.

ऋतिकाला मी 'ने बाई' म्हणाले. भांडायचा कंटाळा आला होता. तेवीस वर्षं झाली शिकवतेय, आता भांडण सुरू करतानाच ते कुठं संपणार हे दिसतं.

मुक्ताई मागं खिडकीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती माझ्या वर्गावरची शिकाऊ. ऋतिका वीस-एकवीसची, तर मुक्ताई पस्तिशीला टेकलेली, आमच्याच गावातली सून. कालव्याच्या अंगाला त्यांचा एक तुकडा राहिलाय, दोन बाजूंनी इमारती आणि मध्ये मेथी-कोथिंबीर. पानांवर सिमेंटची धूळ बसते म्हणून जुड्या दोनदा धुवाव्या लागतात. नवरा बद्रीनाथ टेम्पोवर असतो. बारावीनंतर लग्न झालं आणि मास्तरीण व्हायची हौस तिच्या पोटात तशीच राहिली. दोन वर्षांपूर्वी ती बाहेर काढली कुणी, तर सासूनं. मथुराबाईंनी. त्या स्वतः शाळेत आल्या होत्या मला विचारायला.

"बाई, ती शिकंल का वो या वयात?"

"शिकंल की. पण रानात कोण बघणार?"

"मी हाय की. माझी कंबर काय, आज हाय तशीच उद्या बी दुखायची. तिला म्हणलं, तू पास हो. भाजीचं मी बघते."

आणि खरंच, दोन वर्षं त्या म्हातारीनं एकटीनं जुड्या बांधल्या. मला सकाळी शाळेला येताना दिसायच्या, रानात वाकलेल्या.

अडचण एवढीच होती की यंदा पास झालं तर झालं. ते अध्यापक विद्यालय या वर्षी बंद होतंय. पूर्वी तिथं प्रवेशाला रांगा लागायच्या, आता नोकऱ्याच नाहीत म्हणून कुणी फिरकत नाही. ही शेवटची तुकडी. पुढच्या वर्षी नापासांसाठी ना वर्ग, ना पाठ, ना बसायला बाक. दुसरीकडं जायचं तर पार जिल्ह्याच्या टोकाला, आणि घरातली बाई रोज तिकडं जाणार कशी? मुक्ताईच्या बाबतीत भीती आणखी होती. सगळ्या विषयांत बरी, पण भाषेच्या सराव पाठात दोनदा कशीबशी तरलेली. भाषेच्या वार्षिक पाठात गेली असती तर सगळंच गेलं असतं.

त्यांच्या विद्यालयातले मच्छिंद्र सर भाषा शिकवण्याची पद्धत शिकवतात. माणूस वाईट नाही, पण तोंडाला पुणेरी धार आहे. मुक्ताईचा पहिला सराव पाठ झाल्यावर म्हणाले होते, "मुक्ताई, आपण फळ्यावर छान लिहिता. बोलला नाहीत तर आपला पाठ उत्तम होईल."

ती बिचारी 'हाय-न्हाय' बोलायची. वर्गात उभी राहिली की 'आहे-नाही' करायला बघायची आणि मधेच घसरायची. घसरली की घाबरायची, आणि घाबरली की टाचणातली पुढची पायरी विसरायची. यांच्या पाठाला पायऱ्या फार. आधी प्रस्तावनेचे प्रश्न विचारायचे, मग पोरांच्या तोंडून पाठाचं नाव काढून घ्यायचं, मग हेतू सांगायचा, मग आपण वाचायचं, मग पोरांनी वाचायचं, तक्ते दाखवायचे, फळ्यावर लिहायचं, उजळणी घ्यायची, गृहपाठ द्यायचा. सगळं एका तासात बसलं पाहिजे. एक पोरगं अडखळलं की मागची सगळी ओळ खोळंबते. म्हणून तर हुशार पोरं उसनी आणायची.

पण पाठाच्या दिवसांव्यतिरिक्त मुक्ताईचं निराळंच चालायचं. माझ्या वर्गात सहा पोरं अशी होती की जी अजून अक्षरं जुळवत नव्हती. इमारतींवर काम करणाऱ्यांची, हिंगोली-परभणीकडची. वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलायचं, शाळा बदलायची, आणि शिकलेलं तिथंच राहायचं. खरं सांगते, मी त्यांना मागं बसवून ठेवलं होतं. पन्नास पोरांत मी कुठंकुठं पुरी पडू? मुक्ताई मात्र खिचडी वाटून झाली की त्या सहांना घेऊन व्हरांड्यात बसायची. तिथं तिची 'आहे-नाही'ची धडपड नसायची. ती बोलायची तशी बोलायची, आणि पोरं त्यांच्या गावाकडचं बोलायची. तिथं पायऱ्या नव्हत्या. एकेका पोरासाठी ती एवढी थांबायची की लांबून बघताना मलाच जांभई यायची.

त्यात राजनंदिनी म्हणून एक होती. हिंगोलीकडची, केसांना कायम धूळ. जूनमध्ये आली तेव्हा पुस्तक हातात दिलं की छातीशी धरून बसायची, उघडायची नाही. ती पोरगी फेब्रुवारीत वाचायला लागली. आता वाचायला म्हणजे कसं, तर एक शब्द वाचेपर्यंत कुकरची शिट्टी व्हावी. पण वाचायची, आणि वाचलेलं तिला कळायचं. मुक्ताईनं मला हाक मारून ऐकवलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

आणि वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी याच सहांना वर्गाबाहेर काढायचं ठरलं.

"राजनंदिनीला तरी ठेव," मी म्हणाले. "ती वाचती आता."

"वाचती बाई, पर तिच्या एका वाक्यात माझा निम्मा तास जाईल." मुक्ताईनं मान वर केली नाही. "एकदाच हाय. मला पास तर होऊ द्या. मग आयुष्यभर तिच्यासारख्यांनाच शिकवीन."

तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सहाही पोरं व्हरांड्यात निघाली तेव्हा राजनंदिनी दारातच अडून बसली.

"टीचर, आमाला काहून भायेर?"

मुक्ताई तिच्यापुढं वाकली. मग म्हणाली, "अगं, ज्यांना वाचायला येतं त्यांनी बाहेर बसायचं. ज्यांना येत न्हाय त्यांचा आज पाठ हाय. तुला येतंय न्हवं?"

पोरीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ती बाकीच्या पाचजणांना घेऊन पुढारीण झाल्यासारखी बाहेर गेली.

ठरलं होतं ते असं. दोन परीक्षक येणार, ऋतिकाचा पाठ एकानं बघायचा आणि मुक्ताईचा दुसऱ्यानं. म्हणजे तीच पोरं दोन्हीकडं बसली तरी कुणाला कळणार नव्हतं. पण एक परीक्षक सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत अडकले आणि तिथूनच परत फिरले. राहिल्या एकट्या परीक्षक मॅडम. साठीच्या आसपास, पायाला सूज, हातात पाण्याची बाटली. त्यांनी आधी ऋतिकाचा पाठ बघितला आणि मग मच्छिंद्र सरांबरोबर माझ्या वर्गात आल्या. हे ऐनवेळी झालं, पोरं परत बदलायला कुणाला सवडच मिळाली नाही. ऋतिकाची पोरं माझ्या वर्गात पहिल्या दोन रांगांत येऊन बसली होती.

पाठ होता 'हरवलेले करडू'. दोघींनी तोच घेतलेला, कारण टाचण एकमेकींचं बघून केलेलं.

मुक्ताई उभी राहिली. ठेवणीतली साडी, केस चापून बसवलेले. सुरुवात बरी झाली. "मुलांनो, दूध देणारे काही प्राणी..."

"शेळी!" पहिल्या बाकावरची सृष्टी प्रश्न पुरा व्हायच्या आत ओरडली. "आणि तिच्या पिलाला करडू म्हणतात, आणि आज आपण 'हरवलेले करडू' हा पाठ शिकणार आहोत!"

मच्छिंद्र सरांनी खिडकीबाहेर बघितलं. परीक्षक मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाळ, तू मघाशी शेजारच्या वर्गात होतीस ना?"

"हो मॅडम," सृष्टी उभी राहून म्हणाली. शिकवलेली पोरगी, विचारलं की खरं सांगायचं हे तिला घरी शिकवलेलं. "तिकडचं झालं आमचं. आता इकडं सावडीला आलोय."

"कशाला आलाय?"

"सावडीला. मुक्ताई टीचरनी सांगितलं, त्यांची मुलं आमच्याकडे, मग आम्ही यांच्याकडे."

मी मागच्या भिंतीशी उभी होते, ती भिंतीत शिरायचीच बाकी राहिले. मच्छिंद्र सरांचा चेहरा पडला. परीक्षक मॅडम मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. त्यांनी अशा सावडी आयुष्यभर पाहिल्या असणार.

"बस बाळ," त्या म्हणाल्या. "मी काही ऐकलं नाही. चालू द्या मुक्ताई. हेतुकथन तर या मुलीनं केलंच आहे, तुम्ही आदर्श वाचनापासून घ्या."

एवढं सोपं होतं. मुक्ताईनं पुस्तक उघडलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि नेमका त्याच वेळी व्हरांड्यातून आवाज आला. राजनंदिनी बाहेर त्या पाचजणांना शिकवत होती. तिला येतंय ना, म्हणून. "क... र... डू. करडू. म्हना. आरं बोट ठिव की शब्दावं. टीचर कसं सांगतेत?"

वर्गात सगळ्यांना ते ऐकू आलं. मुक्ताईला तर आलंच. तिनं पुस्तकातली ओळ उघडी ठेवली, पण बघत होती दाराकडं. मला वाटलं, विसरली. मी तिला खुणेनं 'वाच, वाच' करत होते.

"मॅडम," ती परीक्षकांना म्हणाली, "माझी पोरं बाहेर हायती."

"मला कळलं ते. तुम्ही पुढे चला."

"न्हाय मॅडम. त्यांना मी सांगितलंय की त्यांना येतं म्हणून बाहेर बसवलंय. खोटं सांगितलंय. त्यांना आत घेते."

"मुक्ताई," मच्छिंद्र सर दातांत म्हणाले, "पाठ चालू आहे आपला. शोभा करू नका."

पण ती दारात पोचलीसुद्धा होती.

सहा पोरं आत आली आणि पुढं भुईवरच बसली, कारण बाक भरलेले. त्यानंतर जे झालं त्याला टाचणात जागा नव्हती. मुक्ताई तक्ते विसरली, शब्दपट्ट्या टेबलावरच राहिल्या, 'आहे-नाही' तर कुठल्या कुठं गेलं. ती पोरांसमोर मांडी घालून बसली.

"राजे, वाच गं. ह्या मॅडमना ऐकव."

राजनंदिनीनं बोट ठेवलं. "आ... ई... ला. आईला." मग थांबली. "शो... ध... त. शोधत." पन्नास पोरांचा वर्ग, बाहेर बांधकामाच्या मिक्सरची घरघर, पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि आम्ही सगळे एका पोरीच्या बोटाकडं बघतोय. 'करडू' तिनं पटकन वाचलं. पुढचा शब्द होता 'ओढ्याकाठी'. तिथं गाडी अडली. 'ओढ' म्हणाली, 'ओढया' म्हणाली, परत मागं आली. पहिल्या रांगेतली सृष्टी सांगायला उठली तर मुक्ताईनं नुसत्या हातानं तिला बसवलं. घड्याळ माझ्या डोक्यावरच होतं. मी वर बघितलं नाही.

"ओढ्या... काठी. ओढ्याकाठी आले!" आणि मग तिचं तीच म्हणाली, "टीचर, आमच्या गावाला वढा हाय. त्याच्यात म्हशी बसतेत. करडू तिथं पाणी प्यायला गेलं आसंल. मग त्याची माय तिथंच आसंल!"

परीक्षक मॅडम पुढं वाकून ऐकत होत्या. पाठात पुढं तेच होतं. माय ओढ्यावरच होती.

दुसऱ्या पोराचं बोट पहिल्या शब्दावर पडलं आणि घंटा झाली.

ऑफिसात आम्ही तिघं बसलो. परीक्षक मॅडम गुणपत्रक समोर ठेवून बराच वेळ पेन फिरवत राहिल्या.

"मॅडम, पोरगी वाचली की," मच्छिंद्र सर म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी अजिजी मी कधी ऐकली नव्हती. "आपल्यासमोर वाचली. अर्थ सांगितला. आम्ही भाषाशिक्षण म्हणून जे काही दोन वर्षं शिकवतो, ते हेच."

"वाचली हो. मीही ऐकलं." त्यांनी कागद सरांकडं सरकवला. "पण ते मी कुठल्या रकान्यात लिहू? तुम्हीच दाखवा."

सरांनी कागद वरून खालपर्यंत वाचला. प्रस्तावना, हेतुकथन, साधनांचा वापर, फलकलेखन, प्रमाण भाषा, उजळणी, गृहपाठ. त्यांनी तो परत मॅडमकडं सरकवला.

"मी एक करू शकते," मॅडम म्हणाल्या. "माझी गाडी धायरी फाट्यावर आहे, येतेय. ती येईपर्यंत तिला पाठ परत घ्यायला सांगा. ती हुशार मुलंच बसवा, मला चालतील. दहा मिनिटांचा घेतला तरी मी सगळ्या पायऱ्या भरते. पण गाडी आली की मला थांबता येणार नाही, लोणी काळभोरला आणखी पाठ आहेत."

"बेनकर बाई, पळा," सर म्हणाले.

या गुडघ्यांनी मी किती वर्षांनी पळाले असेन. पटांगणातली माती नुसती भट्टी झाली होती. वर्ग मधल्या सुट्टीत सुटलेला, पोरं खिचडीच्या रांगेत. सृष्टी आणि तिची टोळी नळाजवळ दिसली, त्यांना ओरडूनच सांगितलं, "वर्गात चला, आत्ताच्या आत्ता!"

वर्गात मुक्ताई भुईवर बसलेली. समोर ती सहा पोरं. राजनंदिनीनंतरच्यांचं एकेक करून चाललं होतं, आणि पाळी समर्थवर आली होती. तो सगळ्यांत मागचा. त्याला अक्षरंसुद्धा धड येत नव्हती. तो त्याच वाक्यावर होता.

"मुक्ते, ऊठ!" मी तिला धापा टाकत सगळं सांगितलं. "गाडी येईपर्यंतच. पोरं आली बघ. फळ्यावर पाठाचं नाव लिही आन सुरू कर."

तिचा चेहरा एकदम बदलला. ती उठायला लागली, हात भुईला टेकलासुद्धा. पदर सावरला. "समर्थ, थांब जरा," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं असावं. पण समर्थनं आधीच वर बघितलं. बोट शब्दावर तसंच.

"टीचर, चुकलं माझं?"

मुक्ताई अर्धवट उठलेली तशीच थांबली.

"न्हाय रं," ती म्हणाली. "बरोबर चाललंय. पुढं वाच."

आणि ती परत खाली बसली.

मला तिचा राग आला. खरंच आला, सांगते. मी म्हणाले, "अगं, त्याचं उद्या घे, परवा घे! ते काय पळून चाललंय? म्हातारी दोन वर्षं रानात वाकली, तिला काय सांगशील?"

"हितं उद्या न्हाय बाई," तिनं समर्थवरची नजर हलवली नाही. "ह्यांच्या इमारतीचं काम संपलं. आज सांजच्याला बिऱ्हाड हलतंय समद्यांचं. आत्ताच राजी म्हणाली."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याच वर्गातली पोरं, आणि मला ठाऊक नव्हतं.

"मग एवढंच होऊ दे ह्याचं," मी हळू म्हणाले. "एवढं झालं की ऊठ."

"व्हय बाई. एवढंच."

सृष्टी आणि बाकीची पोरं दारात गोळा झाली होती, आत येऊ का म्हणून बघत. मी हातानं त्यांना थांबवलं. समर्थ 'करडू'पर्यंत आला. घाम त्याच्या नाकावरून पुस्तकावर टपकला, तो त्यानं बोटानं पुसला आणि त्या नादात ओळ हरवून बसला. परत 'आईला'पासून सुरुवात. मला ओरडावंसं वाटलं. मुक्ताईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. भुईवर टेकलेला हात तिनं अजून उचलला नव्हता, ती घाईत होती, तिलाही पास व्हायचं होतं, ते सगळं मला दिसत होतं. पण तिनं त्याला एक अक्षरसुद्धा आधी सांगितलं नाही.

'ओढ्याकाठी'च्या मध्यात गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग दुसऱ्यांदा. मुक्ताईनं ऐकला. तिनं डोळे मिटले आणि उघडले. ऑफिसच्या पायरीवर मच्छिंद्र सर हातवारे करून मॅडमना थांबवत असलेले मला खिडकीतून दिसत होते. मॅडमनी माझ्या वर्गाकडं एकदा बघितलं, मग घड्याळाकडं. मग त्या एक एक पाय उचलत गाडीत बसल्या.

"...काठी," समर्थ म्हणाला. "ओढ्याकाठी."

गाडी वळून रस्त्याला लागली. तिच्या मागं धूळ उडाली आणि पटांगणात पसरली. समर्थनं दमून बोट उचललं आणि तो मुक्ताईकडं बघायला लागला.

"एकच शब्द ऱ्हायलाय," ती म्हणाली. तिनं पुस्तक त्याच्याकडं सरकवलं. "वाच."

त्यानं वाचला.